आडवा मारुती, उभा माणूस

लोणारमध्ये कुणाला पत्ता विचारला तर तो दिशा सांगत नाही, उंची सांगतो. "खाली हाय," "वरतं हाय," फार तर "धारेच्या अंगाले हाय," म्हणजे झऱ्याच्या बाजूला. एवढ्यावर गावाचं भागतं. भागणारच. गाव विवराच्या काठाला चिकटून बसलंय. एका अंगाला जमीन चालता चालता संपते आणि पुढे सुमारे 137 मीटर खोल, पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्तच रुंद असा वाडगा. त्याच्या बुडाशी खारं पाणी. अशा गावात पूर्व-पश्चिम कोण विचारत बसतो? पाहुणे मोबाइलमधलं होकायंत्र काढून "मंदिर नेमकं ईशान्येला का?" असं विचारतात, तेव्हा चहावाला त्यांच्याकडे जरा दयेने बघतो आणि म्हणतो, "साहेब, खाली उतरा. उतरलं की सापडते."

हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चाललं होतं. मग माझी भाची डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला लागली आणि दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आली. सोबत चौरसियांच्या अ‍ॅनाटॉमीचे जाडजूड खंड, आणि एका पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांब हाड. ओट्यावर चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचे डबे मांडलेले होते, त्यांच्या शेजारी तिने ते ठेवलं. माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, चष्मा पुसला.

"काय वं हे?"

"मांडीचं हाड, आजी. उजवं."

"उजवं तं उजवं, पण कोणाचं?"

या प्रश्नाचं उत्तर चौरसियांच्या कुठल्याच खंडात नाही. भाची गप्प झाली. हाड ओट्यावरून उठलं, अंगणातून गेलं आणि रिकाम्या गोठ्यात कडब्याच्या पेंढीवर विसावलं. पुढचे आठ दिवस तिने अभ्यास गोठ्यातच केला. आई रोज संध्याकाळी तिथे पणती लावून यायची. कोणाचं का असेना, दिवाळी होती.

तर उजव्या-डाव्याची गोष्ट. मांडीचं हाड नुसतं हातात घेऊन ते कुठल्या पायाचं हे सांगता येतं, हे मला त्या गोठ्यात कळलं. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला धरायचं, गुळगुळीत अंग पुढे, आणि मागच्या अंगाला उभी खरखरीत कड यायला हवी. हे तिन्ही जमलं की हाड आपोआप एका बाजूचं ठरतं. तोंडी परीक्षेत मास्तर काही न बोलता हाड हातात देतात आणि वाट बघतात. भाचीच्या मते हाड ओळखणं सोपं आहे, मास्तरांचा चेहरा वाचणं अवघड.

पण 'आतली बाजू' म्हणजे कुठली? 'पुढे' म्हणजे कुणाच्या पुढे? हाड काही सांगत नाही. म्हणून डॉक्टरांनी एक माणूस उभा केलाय. खरा नव्हे, ठरावातला. या माणसाच्या उभं राहण्याला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात, आणि ती समजावून सांगण्यासाठी भाचीला घरात एक देह हवा होता. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवलं. आई सापडली.

"आजी, ताठ उभी राहा. पाय जुळव. नजर समोर. हात खाली सोड. आता तळवे पुढे कर."

आईने तळवे पुढे केले, स्वतःकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मले कायले भीक मागाले उभी करून राह्यली वं?"

आईचं चूक नव्हतं. जगात कुणीही आपण होऊन असं उभं राहत नाही. मी नंतर मुद्दाम लक्ष ठेवलं. एसटीच्या थांब्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. माणसाचे हात सुटले की तळवे मांड्यांकडे वळतात आणि अंगठे पुढे येतात. तळवे पुढे करून उभी राहिलेली माणसं मला तीनच दिसली: मतं मागायला आलेला एक उमेदवार, झडती देणारा एक इसम, आणि "सुटे नाहीत" म्हणणारा कंडक्टर. साऱ्या वैद्यकशास्त्राचा डोलारा या कंडक्टरवर उभा आहे.

त्याचं कारणही आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रत्येक देशातल्या प्रत्येक मोठ्या मास्तराने शरीराच्या भागांना आपापली नावं ठेवली होती. भाग होते पाचेक हजार, नावं झाली होती पन्नासेक हजार. एकेका शिरेला दहा-दहा बारशी. शेवटी 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी शरीरशास्त्रज्ञांची सभा भरली आणि नावांची झाडलोट झाली. नाव एकच, आणि तेही जागा सांगणारं. जागा सांगायची तर वर, खाली, पुढे, मागे, आत, बाहेर हे शब्द आले. ते शब्द आले की 'कुणाच्या?' हा आईचा प्रश्न आला. त्याला उत्तर म्हणून तो कंडक्टर.

त्याच्या हिशेबाने डोक्याकडचं ते सुपीरियर, पायाकडचं इन्फीरियर. पुढचं अँटीरियर, मागचं पोस्टीरियर. शरीराच्या मधल्या उभ्या रेघेजवळचं मीडियल, तिच्यापासून लांबचं लॅटरल. हातापायांत धडाजवळचं प्रॉक्झिमल, बोटांकडचं डिस्टल. हे सगळं भाचीने मला माझ्याच देहावर बोट ठेवून शिकवलं. "मामा, तुमचं पोट छातीपेक्षा इन्फीरियर आहे." मी म्हटलं, यात नवीन काय, घरात सगळे तेच म्हणतात. मग तिने पोटाकडे नीट पाहिलं आणि ते छातीपेक्षा बरंच अँटीरियरसुद्धा असल्याची नोंद केली.

सगळ्यात गंमत अंगठ्याची. तळवे पुढे केले की हाताचा अंगठा बाहेरच्या अंगाला जातो आणि करंगळी आत, देहाजवळ येते. म्हणजे शास्त्राप्रमाणे अंगठा लॅटरल, करंगळी मीडियल. पायाचं बरोबर उलट. पायाचा अंगठा मीडियल, करंगळी लॅटरल. एकाच माणसाचे चार अंगठे, त्यातले दोन घरातले आणि दोन बाहेरचे. सह्यांची कामं करणारे बाहेर, आणि ठेचा खाणारे घरात. हे मात्र मला पटलं. आमच्या घरीही तीच वाटणी आहे.

शनिवारी आम्ही मोठ्या मारुतीला गेलो. विवराच्या उत्तरेला सातएकशे मीटरवर अंबर तळं आहे, त्याला धाकटं लोणार म्हणतात, तिथे. बाहेरगावच्या माणसाला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो गाभाऱ्यात जाऊन मूर्ती वर शोधत राहतो. इथला मारुती उभा नाही, आडवा आहे. चांगला नऊ फुटांचा, ऐसपैस पहुडलेला. दगड लोहचुंबकासारखा आहे असं गावात सांगतात, आणि होकायंत्र घेऊन आलेले लोक त्याच्यासमोर ते धरून बघतात. द्रोणागिरी उचलून दमलेल्या देवाला लोणारने निजू दिलं, याबद्दल मला गावाचा अभिमान आहे.

भाची हात जोडून उभी होती. डोळे मिटलेले. मला वाटलं, परीक्षेसाठी मागणं चाललंय. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि कुजबुजली, "मामा, मारुतीचं डोकं कुठे आहे?"

"उशाकडे."

"नाही. वर आहे."

"अगं, आडवा आहे तो!"

"असू दे. आडवा असला तरी डोकं सुपीरियरच, पाय इन्फीरियरच. पालथा पडला, शीर्षासन केलं, झाडाला उलटा लटकला तरी तेच. नावं द्यायची ती उभ्या माणसाचीच."

मी मारुतीकडे पाहिलं. शास्त्राने त्याला निजू दिलं नव्हतं. सरकारी हजेरीपटासारखाच हा प्रकार. कर्मचारी गावी आडवा पडलेला असतो आणि कागदावर खुर्चीत ताठ बसलेला असतो. फक्त इथे त्यामागे कपट नाही. रुग्ण टेबलावर उताणा असो, कुशीवर असो की पालथा, शस्त्रक्रिया करणाऱ्याने "त्याच्या वर" म्हटलं की मदतनिसाला छताकडे बघावं लागू नये, एवढाच हेतू. टेबलाभोवती चार माणसं चार बाजूंनी उभी असतात, प्रत्येकाचं वर-खाली वेगळं, म्हणून सगळ्यांनी मिळून टेबलावरच्याचं धरायचं.

उताणा, पालथा, कुशीवर. हे तीन शब्द आपल्याकडे तान्ह्या बाळापासून चालत आलेत, त्यांना कुठल्या परिभाषा कोशाची गरज पडली नाही. भाचीला मात्र त्यासाठी सुपाइन, प्रोन आणि लॅटरल डिक्युबिटस पाठ करावं लागतं, आणि परीक्षेत त्यातले पहिले दोन नेमके उलटेपालटे होतात. तिला म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी राहत नाही, म्हणजे तो प्रोन. त्यानंतर तिची चूक झाली नाही.

आपल्या भाषेत दिशा आणि अवयव असे गुंतलेत की सोडवू म्हटलं तर दोन्ही तुटतील. सरळ माणूस नाकासमोर चालतो, म्हणजे अँटीरियर. धाकटा भाऊ पाठचा, म्हणजे पोस्टीरियर, आणि तो वेळेनेही मागचा. वरवरचं प्रेम सुपरफिशियल, आतल्या गाठीचा माणूस डीप. कानामागून येऊन तिखट होणाऱ्या सुनेची तर शरीरशास्त्राने जागाच सांगितली: पोस्ट-ऑरिक्युलर. आणि तळपायाची आग मस्तकाला जाते तेव्हा ती डिस्टलकडून निघून सुपीरियरला पोचते. वाटेत गुडघा, कंबर, छाती कुठेही थांबत नाही. इतकी जलद सेवा मी दुसरी पाहिली नाही.

दुखणं सांगताना मात्र हीच भाषा दगा देते. आमच्या आईच्या पिढीत 'पोट' हा अवयव गळ्याखाली सुरू होऊन गुडघ्याच्या वर संपतो. डॉक्टर विचारतात, "नेमकं कुठं?" ती हात गोल फिरवते. "हे असं सगळंच." डॉक्टरांच्या पुस्तकात पोटाचे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांनी नऊ चौकोन पाडलेले असतात. उजवीकडे खाली, बेंबी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांना जोडणाऱ्या रेघेवर, टोकापासून एक तृतीयांश अंतरावर बोट दाबलं आणि माणूस ओरडला की अपेंडिक्स. चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकन सर्जनने 1889 साली ती जागा सांगितली. सगळं माप बेंबीवरून. आणि आमच्या गावात तर बेंबीच सरकते! दर चार घरांमागे बेंबी जागेवर बसवून देणारी एखादी आत्याबाई असते. ज्या खांबावरून शेत मोजायचं तो खांबच रात्रीतून चालायला लागला, तर मोजणीदाराने काय करावं?

बेंबीला एवढा मान देणं आपल्याकडे मात्र जुनं आहे. सुश्रुताने नाभीपासून चोवीस धमन्या निघतात असं म्हटलं आणि त्यांची दिशावार वाटणी करून टाकली: दहा वर जाणाऱ्या, दहा खाली जाणाऱ्या, चार तिरप्या. एखाद्या जंक्शनचं वेळापत्रकच. (लोणारला अजून साधं स्टेशनही नाही, पण तो विषय निराळा.) आजच्या शरीरशास्त्राशी ही यादी जुळत नाही. पण हा गृहस्थ ऐकीव माहितीवर बोलत नव्हता. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडबाजूला सात रात्री बुडवून ठेवायचं आणि मग कुंच्याने हळूहळू थर खरवडत बघायचं, अशी रीत त्याने लिहून ठेवलीय. भाचीने हे वाचून दाखवलं तेव्हा आईने आधी धारेकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "तसलं काही इथी करू नको हं."

गळ्याजवळच्या हाडाच्या, म्हणजे जत्रूच्या, वरचे सगळे आजार आयुर्वेदाने एका गटात टाकले, त्यांना ऊर्ध्वजत्रुगत म्हटलं. डोळे, कान, नाक, घसा, डोकं, सगळं जत्रूच्या वर. मला ही सोय फार आवडली. आमच्याकडेही "वरच्या मजल्यावरचा बिघाड" असा एकच गट आहे.

आता पोटरी. यावर मला जरा रेंगाळू द्या, कारण अख्ख्या दिवाळीत मी भाचीवर कुरघोडी केली ती एवढीच.

आईच्या पोटरीत गोळा आला होता. ती पाय चोळत बसली होती आणि मी सहज म्हटलं, "ही पोटरी कसली? नावात पोट आणि जागा पायाच्या मागे. आपल्या पूर्वजांना पुढचं-मागचं कळत नव्हतं." भाची हसली. मग तिचं हसू एकदम थांबलं आणि ती उठून गोठ्यात गेली. पाच मिनिटांनी पुस्तक घेऊन परतली.

गर्भात हात आणि पाय आधी कळ्यांसारखे बाजूला फुटतात. तेव्हा त्यांना एक पोटाकडचं अंग असतं आणि एक पाठीकडचं. पुढे ते आपल्या आसाभोवती वळतात. हात बाहेरच्या बाजूला वळतो, पाय आतल्या बाजूला, साधारण काटकोनात. म्हणून कोपर मागे टोक काढतं आणि गुडघा पुढे. हात पुढून दुमडतो, पाय मागून. आणि या वळण्यात पायाचं जे मुळात पोटाकडचं अंग होतं, ते फिरून मागे गेलं. तिथेच पोटरी आहे. तिच्यावर पाठीमागे बसण्याची वेळ आली, पण नाव तिने माहेरचंच ठेवलं.

"म्हणजे मराठी बरोबर आहे," भाची म्हणाली, जरा नाराजीनेच.

पूर्वजांना भ्रूणशास्त्र येत होतं असा दावा मी करणार नाही. तसले दावे करणारे व्हॉट्सअ‍ॅपवर पुरेसे आहेत. पोटासारखी फुगीर, मऊ, म्हणून पोटरी म्हटलं असेल, एवढंच. पण नेम चुकून लागला तरी आंबा पडतोच.

दिशांचं असंच. आपण समजतो, पूर्व-पश्चिम या जमिनीच्या दिशा. त्या मुळात अंगाच्या. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा. समोर जे ते पूर्व, पाठीमागे ते पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवाच. म्हणून देवळात देव उजवीकडे ठेवून फिरायचं, ती प्रदक्षिणा. विश्वास बसत नसेल तर योगवर्गात जा. पश्चिमोत्तानासनात ताणली जाते ती पाठ, आणि पूर्वोत्तानासनात छाती-पोट. तिथे पश्चिमेला मुंबई नसते, मणके असतात. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही एक माणूस उभा केला होता. फक्त त्यांनी त्याचं तोंड सूर्याकडे केलं आणि डॉक्टरांनी मास्तरांकडे.

हा दक्षिण शब्द आमच्या दारापर्यंत येतो. दक्षिणेवरून दख्खन. विवर ज्या काळ्या पाषाणात पडलंय तो दख्खनचा बेसॉल्ट. म्हणजे लोणार हे भारतमातेच्या उजव्या अंगाच्या हाडात पडलेलं भोक आहे. हे मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, भारतमाता पूर्वेकडे तोंड करून उभी असेल तरच.

आणि ते भोक पडलं कसं, हाही दीडशे वर्षं दिशेचाच वाद होता. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढचे बरेच विद्वान म्हणत, हे ज्वालामुखीचं काम, खालून वर आलं. काही म्हणत, वरून खाली आलं. शेवटी खोदून काढलेल्या दगडात मास्केलिनाइट सापडलं. हे एक प्रकारचं काचरूप खनिज, प्रचंड धक्क्याखेरीज तयार होत नाही. 1973 साली ते छापून आलं आणि 'वरून खाली' पक्ष जिंकला. उल्का सुपीरियरकडून आली. कधी आली, यावर अजून खेचाखेच आहे. आधी पन्नासेक हजार वर्षं म्हणत, पुढे 2011 मध्ये पावणेसहा लाखांच्या घरातला आकडा आला.

गावाला यात नवल वाटलं नाही. आमची कथा आधीच तयार होती. लोणासुर जमिनीखाली दडला होता. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेऊन त्याच्याच बहिणींकडून ठिकाण काढलं, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याचा वध केला. दैत्यसूदनाचं देखणं मंदिर गावात आहे, दगडावर कोरलेल्या मूर्ती बघण्यासारख्या. भाची तिथे तासभर बसली आणि शेवटी निकाल दिला: ज्वालामुखी म्हणतो खालून, उल्का म्हणते वरून, आणि विष्णूचं मत पडलं पायाच्या बोटांतल्या सर्वांत मीडियल बोटाच्या बाजूने.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला विवरात उतरून दाखवायला निघालो. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि सगळा देश मोबाइलवर लोणार बघत होता. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. मी तिला हे सांगत, मागे वळून बोलत बोलत उतरत होतो. एका पायरीने माझं ऐकलं नाही. गुडघा मुरगळला.

जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाय इकडेतिकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, "मीडियल मेनिस्कसला लागलंय." मला ऐकू आलं 'मेडिकल मेनिस्कस'. मी बायकोला हळूच म्हटलं, मेडिकलवर मिळतं तर घेऊन जाऊ ना. भाचीने कपाळावर हात मारला. तेही सुपीरियर, अँटीरियर.

फोटो काढायच्या खोलीत एक मुलगा होता. तो माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं: डावा.

"उजवा," मी म्हटलं.

त्याने पुन्हा बघितलं. माझा उजवा गुडघा त्याच्या डाव्या हाताला होता. "हा ना?" त्याने बोट दाखवलं. "हा." "मग डावाच की."

त्याला कसा दोष देऊ? जग असंच चालतं. वर्तमानपत्रात फोटोखाली 'डावीकडून दुसरे' लिहितात ते वाचणाऱ्याच्या डावीकडून. फोटोतल्या पुढाऱ्याचं स्वतःचं डावं-उजवं कुणी विचारत नाही. न्हाव्याच्या आरशात, घरच्या भांडणात, ग्रामसभेत, सगळीकडे बघणाऱ्याची बाजू चालते. समोरच्याचं डावं ते समोरच्याचंच, त्याचंच खरं धरायचं, असं सक्तीने शिकवणारं शास्त्र मला एकच ठाऊक आहे, आणि ते प्रेतावर शिकवतात. डॉक्टर क्ष-किरणाचा फोटोसुद्धा असा लावतात की रुग्ण समोर उभा आहे आणि त्याचं उजवं आपल्या डावीकडे. दिवसभर, प्रत्येक माणसामागे, मनातल्या मनात गिरकी घ्यायची. गिरकी चुकली की भलताच गुडघा उघडला जातो. जगभर असं घडत आलंय, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी तपासयादी काढली. भूल देण्याआधी रुग्णालाच विचारायचं, कुठली बाजू, आणि त्या जागी खूण केलीय का ते बघायचं.

माझी शस्त्रक्रिया होणार नव्हती. बर्फ, पट्टी, तीन आठवडे विश्रांती, एवढंच निघालं. पण भाचीने कागदावरचं 'डावा' खोडायला लावलं, पर्समधून मार्कर काढला आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर ठळक बाण काढला. घरी आल्यावर आईने तो पाहिला.

"हे काय वं?"

"कोणता गुडघा ते कळावं म्हणून."

"सुजून भोपळा झाला, तरी कळत नाही डॉक्टरले?" आई म्हणाली आणि हळद-तेल गरम करायला गेली.

शाई पक्की निघाली. पंधरा दिवस झाले, आंघोळीने जात नाही. भाची परत गेली. हाड गोठ्यातून पिशवीत गेलं आणि आईने त्याला निघताना हळद-कुंकू लावलं. तोंडी परीक्षेत मास्तरांनी तिला मांडीचं हाड दिलंच नाही, मनगटातलं एक वाटाण्याएवढं हाड दिलं. तिने बाजू बरोबर सांगितली. कशी सांगितली हे तिलाही माहीत नाही.

तुम्ही लोणारला याल तेव्हा विवरात जरूर उतरा, पण मागे वळून बोलू नका, आणि काठी घ्या. गुडघा आधीच दुखत असेल तर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते; बहुतेक लोक ती चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा, तर डावा हात. डावा म्हणजे तुमचा.